‘खुली’ स्पर्धा कोणासाठी? इंडियन ओपनची साठ वर्षं

मी गोल्फ खेळत नाही. पुण्यात येरवड्याहून विमानतळाकडे जाताना भिंतीआड दिसणारी हिरवळ, एवढाच माझा या खेळाशी प्रत्यक्ष संबंध. पण कामाच्या सवयीमुळे मला याद्या वाचायला आवडतं. कुठल्याही तक्त्यात माहितीपेक्षा रिकाम्या जागा जास्त बोलतात, हे रोजच्या प्रोग्रॅमिंगने शिकवलं आहे. काही महिन्यांपूर्वी इंडियन ओपन या आपल्या राष्ट्रीय व्यावसायिक गोल्फ स्पर्धेच्या विजेत्यांची 1964 पासूनची यादी मी एका शीटमध्ये उतरवली. वर्ष, नाव, देश असे तीनच रकाने. ‘देश’ या रकान्यात फक्त भारत गाळून पाहिला तेव्हा 1965 साली एक नाव दिसलं आणि त्यानंतरचं नाव थेट 1991 चं. मध्ये सलग पंचवीस वर्षं आपली राष्ट्रीय स्पर्धा परदेशी खेळाडू जिंकत होते.

पंचवीस वर्षांनी कोंडी फोडणारा माणूस कोण होता हे वाचलं, आणि मग चौथा रकाना करावासा वाटला: हा खेळाडू गोल्फ कोर्सवर कोणत्या दारातून आला? हा लेख त्या चौथ्या रकान्याविषयी आहे.

आधी ‘ओपन’ या शब्दाविषयी. 1860 साली स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविक इथे आठ व्यावसायिक खेळाडूंची स्पर्धा झाली. तीच पुढे ‘द ओपन’ म्हणून, म्हणजे आपण ब्रिटिश ओपन म्हणतो ती, जगप्रसिद्ध झाली. हे व्यावसायिक म्हणजे कोणी सुखवस्तू लोक नव्हते. गोल्फच्या काठ्या आणि चेंडू बनवणारे, मैदानाची निगा राखणारे, साहेबांच्या काठ्या वाहणारे असे हे कामगार. दुसऱ्या वर्षी, 1861 मध्ये, स्पर्धा हौशी खेळाडूंनाही खुली झाली. गंमत अशी की इथे ‘खुली’ होण्याचा मूळ अर्थ कामगारांच्या स्पर्धेत सद्गृहस्थांना प्रवेश असा आहे. सद्गृहस्थांच्या क्लबात कामगारांना प्रवेश ही वेगळी गोष्ट आणि ती फार उशिरा घडली. 1920 साली इंग्लंडमध्ये डील इथे ओपन भरली, तेव्हाही व्यावसायिकांना क्लबहाउसमध्ये पाऊल टाकता येत नव्हतं. वॉल्टर हेगन या अमेरिकी खेळाडूने तेव्हा एक आलिशान मोटार भाड्याने घेतली, ती क्लबहाउससमोर उभी केली आणि तिच्यातच कपडे बदलले. गोल्फच्या इतिहासात मैदान आणि इमारत यांची दारं अशी वेगवेगळी आहेत. मैदानावर तुमचा स्कोअर चालतो, इमारतीत तुमचा दर्जा.

भारतात हा खेळ आला तो इमारतीच्या बाजूने. कलकत्त्याचा गोल्फ क्लब 1829 चा. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा जगातला सगळ्यात जुना क्लब म्हणून तो ओळखला जातो, आणि पुढे त्याला ‘रॉयल’ ही पदवी मिळाली. 1842 मध्ये मुंबईतही क्लब निघाला. कंपनी सरकारचे अधिकारी, व्यापारी, लष्करी साहेब यांचा तो खेळ होता. त्यांच्या मागे पिशवी घेऊन चालणारी मुलं मात्र आसपासच्या गावांतली आणि वस्त्यांतली. इंग्रज गेले, सदस्य बदलले, पण पिशवी वाहणारी मुलं त्याच वस्त्यांतून येत राहिली. 1955 मध्ये इंडियन गोल्फ युनियनची स्थापना झाली आणि त्यानंतर नऊ वर्षांनी राष्ट्रीय ओपन सुरू झाली.

ती सुरू होण्यात एका ऑस्ट्रेलियन माणसाचा मोठा वाटा होता. पीटर थॉमसन यांनी तोवर चार वेळा ब्रिटिश ओपन जिंकली होती, पाचवी त्यांनी 1965 मध्ये जिंकली. इतका मोठा खेळाडू अमेरिकेत पैसे मिळवत बसायचा सोडून आशियात गोल्फ रुजावं म्हणून खटपट करत होता. 1964 ची पहिली इंडियन ओपन दिल्ली गोल्फ क्लबवर झाली आणि ती थॉमसन यांनीच जिंकली. 1966 आणि 1976 मध्येही तेच जिंकले. पुढे दिल्लीच्या याच मैदानाची नव्याने आखणीही त्यांनी केली. म्हणजे स्पर्धा सुरू करायला हातभार लावणारा, ती तीनदा जिंकणारा आणि तिचं मैदान घडवणारा माणूस एकच.

1965 ची स्पर्धा कलकत्त्यात होती आणि ती जिंकली प्रेम गोपाल सेठी यांनी. गोल्फच्या वर्तुळात ते ‘बिल्लू’ सेठी. ते हौशी खेळाडू होते, म्हणजे पोटासाठी गोल्फ खेळत नव्हते. 1961 मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला त्या पहिल्याच वर्षी गोल्फसाठी तो त्यांना मिळाला होता. इंडियन ओपन जिंकणारे ते आजवरचे एकमेव हौशी खेळाडू. जगातले व्यावसायिक समोर असताना एका हौशी भारतीयाने राष्ट्रीय स्पर्धा जिंकावी हा पराक्रमच. पण या पराक्रमातून त्या काळच्या भारतीय गोल्फची रचनाही दिसते. आपल्याकडचे चांगले खेळाडू हौशी होते, कारण सराव करायला लागणारं मैदान, वेळ आणि साहित्य त्यांच्याकडे होतं.

मग ती पंचवीस वर्षं. जपानचे केन्जी होसोइशी 1967 आणि 1968 अशी दोन वर्षं सलग जिंकले. फिलिपिन्सचे बेन आर्दा, ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहम मार्श आणि ब्रायन जोन्स, तैवानचे अनेक खेळाडू यांची नावं यादीत येतात. 1981 चा विजेता पेन स्टुअर्ट तेव्हा चोविशीतला, अमेरिकेच्या मुख्य टूरवर जागा न मिळाल्याने आशियात खेळणारा तरुण होता. पुढे त्याने दोनदा यूएस ओपन जिंकली आणि 1999 मध्ये विमान अपघातात तो गेला. आशियाई सर्किटवर असे होतकरू परदेशी खेळाडू दरवर्षी येत, आठवडाभर खेळत आणि करंडक घेऊन पुढच्या देशात जात.

आपले हौशी खेळाडू या काळात कमी नव्हते. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धांत गोल्फचं वैयक्तिक सुवर्ण लक्ष्मण सिंह यांनी जिंकलं आणि सांघिक सुवर्णही भारतानेच. पण आशियाई स्पर्धेत समोर हौशी खेळाडूच होते. ओपनमध्ये समोर रोज आठ तास हेच काम करणारे लोक असत, आणि आपल्याकडे तसं काम करणारे कोण होते? क्लबातले कॅडी आणि कॅडीचे झालेले प्रशिक्षक.

कॅडीचं काम नुसतं ओझं उचलण्याचं नसतं. चेंडू कुठे पडला ते पाहणं, इथून ग्रीनपर्यंत किती अंतर आहे, वारा कुठला, कुठली काठी घ्यावी, ग्रीनवर उतार कोणत्या बाजूला आहे हे सांगणं, हे सगळं त्यात येतं. दहा-बारा वर्षांचा मुलगा रोज दोनदा अठरा होल चालला की त्या मैदानाचा नकाशा त्याच्या पायात उतरतो. स्वतः खेळायची संधी मात्र उरलेल्या वेळात. मैदान बंद असलेला दिवस, पहाट, संध्याकाळचा शेवटचा उजेड. काठी बहुधा कोणा सदस्याने टाकून दिलेली, चेंडू झुडपांत सापडलेले. व्यावसायिक झाल्यावर कमाई मुख्यतः सदस्यांना शिकवण्यातून, कारण देशात बक्षिसाच्या स्पर्धा मोजक्या आणि रकमा तुटपुंज्या. आयात साहित्य महाग. अशा स्थितीत वर्षातून एकदा येणाऱ्या परदेशी व्यावसायिकांना चार दिवस सलग हरवणं अवघड होतं. चौथा रकाना पंचवीस वर्षं रिकामा राहिला त्यामागे गुणवत्तेचा अभाव हे कारण मला पटत नाही. ज्यांच्याकडे पैसा आणि वेळ होता ते व्यावसायिक होत नव्हते, आणि जे व्यावसायिक होत होते त्यांच्याकडे पैसा आणि वेळ नव्हता.

1991 मध्ये अली शेर जिंकले. दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून वाढलेला हा माणूस त्याच मैदानावर इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक ठरला. एकदा जिंकणं योगायोग म्हणता आलं असतं. 1993 मध्ये ते पुन्हा जिंकले. त्यांनाही अर्जुन पुरस्कार मिळाला. सेठी आणि शेर या दोन नावांमध्ये यादीत पंचवीस ओळी आहेत, पण खरं अंतर क्लबच्या पायऱ्यांच्या वर आणि खाली एवढं होतं.

अली शेर यांच्या विजयाने नेमकं काय बदललं हे आकड्यात दाखवता येत नाही, पण पुढची यादी पाहावी. 1998 मध्ये कोलकात्याचे फिरोझ अली, 1999 मध्ये अर्जुन अटवाल, 2000 मध्ये ज्योती रंधावा. सलग तीन भारतीय. 2002 मध्ये लखनौचे विजय कुमार, 2006 आणि 2007 मध्ये पुन्हा रंधावा, 2009 मध्ये बेंगळुरूचे चिन्नस्वामी मुनियप्पा. यामागे उदारीकरण आहे, प्रायोजक आहेत, आणि आशियाई टूरही आहे. आता भारतीय खेळाडू वर्षभर थायलंड, मलेशिया, सिंगापूर असं फिरून खेळू लागले. वर्षातून एका आठवड्याऐवजी वीस आठवडे परदेशी खेळाडूंशी गाठ पडली की त्यांचा धाक उरत नाही.

या काळात दोन्ही दारांतून विजेते आले. रंधावा लष्करी अधिकाऱ्याचे पुत्र. 2002 मध्ये आशियाई टूरच्या वार्षिक क्रमवारीत पहिला येणारा पहिला भारतीय तेच. इंडियन ओपन तीनदा जिंकून ते थॉमसन यांच्या बरोबरीला आहेत. अटवाल 2010 मध्ये अमेरिकेच्या पीजीए टूरवर जिंकणारे पहिले भारतीय ठरले. दुसरीकडे विजय कुमार आणि मुनियप्पा हे कॅडी म्हणून सुरुवात केलेले. मुनियप्पांनी 2009 ची स्पर्धा गुरुग्राममध्ये प्ले-ऑफमध्ये जिंकली, तेव्हा देशाबाहेर त्यांचं नावही फारसं कोणाला माहीत नव्हतं.

दिल्लीच्या मैदानाबद्दल इथे सांगायला हवं, कारण त्याशिवाय कॅडींच्या यशाचं गणित सुटत नाही. लोधी काळाच्या आणि मुघल काळाच्या कबरी आणि घुमट या मैदानात जागोजाग उभे आहेत. मोर फिरत असतात. फेअरवे अरुंद, आणि दोन्ही बाजूंना इतकी दाट झुडपं की चेंडू आत गेला तर शोधण्यापेक्षा नवा चेंडू टाकणं सोपं. आधुनिक गोल्फमध्ये लांब फटक्याचं फार कौतुक. इथे मात्र लांब मारणाऱ्यालाच शिक्षा होते. बरेच खेळाडू सगळ्यात मोठी काठी, म्हणजे ड्रायव्हर, पिशवीतच ठेवतात. चेंडू थोडा कमी गेला तरी चालेल, पण सरळ गेला पाहिजे. ग्रीनजवळचे छोटे फटके नाजूक हवेत. महागडा प्रशिक्षक आणि व्यायामशाळा नसलेल्या, पण मैदान पायाखाली पाठ असलेल्या माणसाला असं मैदान बरोबरीची संधी देतं.

या बरोबरीचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे शिवशंकर प्रसाद चौरसिया. जन्म 1978, कोलकाता. वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये मैदानाची निगा राखणारे कर्मचारी. औपचारिक प्रशिक्षण नाही, पाहून पाहून शिकलेला खेळ. फटका फार लांब नाही, पण ग्रीनजवळची हातोटी अशी की चिप आणि पट या दोन फटक्यांवरून सहकाऱ्यांनी त्यांच्या आडनावाची ‘चिपपटसिया’ अशी मोडतोड केली. 1999 मध्ये त्यांच्याच शहरात, वडील जिथे काम करत त्याच मैदानावर, इंडियन ओपनमध्ये ते उपविजेते झाले. 2006 मध्ये प्ले-ऑफमध्ये रंधावांकडून हरले. 2013 मध्ये एका फटक्याने हुकलं. 2015 मध्ये शेवटच्या दिवसाच्या सुरुवातीला आघाडीवर होते आणि पुन्हा प्ले-ऑफमध्ये हरले.

ज्यांच्याकडून हरले ते दोघेही या गोष्टीत महत्त्वाचे. 2013 चा विजेता सिद्दिकुर रहमान बांगलादेशचा. ढाक्याच्या कुर्मितोला क्लबवर चेंडू गोळा करणारा मुलगा म्हणून तो गोल्फला लागला. 2010 मध्ये ब्रुनेईत जिंकून आशियाई टूरवर जिंकणारा पहिला बांगलादेशी झाला, आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्वतःच्या गुणवत्तेवर थेट पात्र ठरला. दिल्लीत त्या दिवशी विजेता चेंडू गोळा करणारा आणि उपविजेत्यांत एक माळ्याचा मुलगा होता. 2015 चा विजेता अनिर्बन लाहिरी. त्याचा जन्म पुण्याचा, वडील लष्करात डॉक्टर, आठव्या वर्षापासून वडिलांनीच त्याला खेळ शिकवला. शेवटच्या दिवशी तो सात फटके मागे होता, आणि तरी प्ले-ऑफमध्ये बर्डी मारून त्याने चौरसियांना हरवलं. त्याच वर्षी तो अमेरिकेच्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त पाचवा आला. हीच मोठ्या चार स्पर्धांमधली आजवरची सर्वोत्तम भारतीय कामगिरी.

2016 मध्ये, पहिल्या उपविजेतेपदानंतर सतरा वर्षांनी, चौरसिया दिल्लीत जिंकले. दोन फटक्यांनी मागे पडलेल्यांत या वेळी लाहिरी होता. पुढच्या वर्षी स्पर्धा दिल्ली सोडून गुरुग्रामच्या डीएलएफ क्लबमधल्या नव्या मैदानावर गेली. हे मैदान दक्षिण आफ्रिकेचे दिग्गज गॅरी प्लेयर यांनी आखलेलं. लांब, उंचसखल, दगडाच्या खाणीसारखे खोल खड्डे असलेलं. आखूड फटक्यांचा खेळाडू इथे चालणार नाही असं वाटण्यासारखं. चौरसिया तिथेही जिंकले, आणि तेही सात फटक्यांनी.

त्याच 2017 च्या जूनमध्ये दिल्ली गोल्फ क्लबची बातमी वेगळ्या कारणाने देशभर झाली. मेघालयची एक महिला पाहुणी म्हणून जेवायला आली होती. तिने खासी जमातीचा पारंपरिक जैनसेम नेसला होता. ती मोलकरणीसारखी दिसते, असं म्हणून तिला बाहेर जायला सांगण्यात आलं. अली शेर याच क्लबच्या मैदानावर चॅम्पियन झाले होते. मैदानाचं दार आणि इमारतीचं दार वेगळं असतं, असं मी सुरुवातीला म्हटलं ते 1920 च्या इंग्लंडबद्दल होतं. शंभर वर्षांनी आपल्याकडे ते सांगायला वेगळी वाक्यं लागत नाहीत.

मराठी वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल, कारण क्रिकेटमध्ये ती आपल्याकडेच घडली आहे. पुण्यात साहेबांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखणारे पळवणकर बाळू नेटमध्ये इंग्रज अधिकाऱ्यांना गोलंदाजी टाकता टाकता देशातले श्रेष्ठ फिरकीपटू झाले. त्यांना फलंदाजी मिळत नसे, चहा वेगळ्या कपातून मिळे. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, पण हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. चाकरी म्हणून हातात आलेल्या खेळात मालकापेक्षा चाकर सरस ठरतो, आणि मग त्याच्या कौशल्याचं कौतुक करायचं पण त्याला पंगतीत घ्यायचं की नाही हा प्रश्न उभा राहतो. गोल्फमध्ये फरक इतकाच की स्कोअर संघनिवडीवर अवलंबून नसतो. कोणी कर्णधारपद नाकारू शकत नाही. कार्डावर जो आकडा लिहिला तो लिहिला. म्हणूनच या खेळाने, कितीही उच्चभ्रू असला तरी, कॅडींना एक फट ठेवली.

आता माझ्या शीटचा हिशेब. 2025 पर्यंत भारतीयांनी ही स्पर्धा तेरा वेळा जिंकली, नऊ जणांनी मिळून. त्यातले किमान सहा विजय कॅडी म्हणून सुरुवात केलेल्यांचे किंवा मैदान राखणाऱ्याच्या घरातल्याचे आहेत: अली शेर दोन, विजय कुमार, मुनियप्पा, चौरसिया दोन. जवळपास निम्मे. क्लबच्या मालकीच्या जगात हा वाटा मला थक्क करतो.

पण 2017 नंतरच्या ओळी पुन्हा परदेशी आहेत. 2018 मध्ये इंग्लंडचा मॅट वॉलेस, 2019 मध्ये स्कॉटलंडचा स्टीफन गॅलाकर, मग कोविडची तीन वर्षं कोरी, 2023 मध्ये जर्मनीचा मार्सेल झीम, 2024 मध्ये जपानचा केइता नाकाजिमा, 2025 मध्ये स्पेनचा युजेनियो चाकारा. स्पर्धा 2015 पासून युरोपियन टूरशी जोडली गेल्यावर बक्षीस वाढलं, समोरचे खेळाडू अधिक तगडे झाले. हे चांगलंच आहे, राष्ट्रीय स्पर्धा मोठी व्हायलाच हवी. 2024 मध्ये गुरुग्रामचाच वीर अहलावत संयुक्त दुसरा आला, म्हणजे दरी फार मोठीही नाही.

मला काळजी वाटते ती चौथ्या रकान्याची. आजचा तरुण व्यावसायिक लहानपणापासून अकादमीत शिकतो, त्याच्याकडे प्रशिक्षक आहे, फटक्याचा वेग मोजणारी यंत्रं आहेत, परदेशी स्पर्धांना जायला पैसे घालणारे पालक आहेत. त्यात काही वाईट नाही, पण हे सगळं नसलेल्या मुलासाठी मैदान आता पूर्वीपेक्षा लांब झालं आहे, अंतराने आणि खर्चानेही. झुडपांतल्या चेंडूंवर शिकून दिल्लीच्या अरुंद फेअरवेवर जिंकता येत होतं. दूरवर मारण्यासाठी लागणारी ताकद, साहित्य आणि प्रशिक्षण झुडपांत सापडत नाही.

यावरचे उपाय अवघड नाहीत. मोठ्या क्लबांनी कॅडींना आणि त्यांच्या मुलांना आठवड्यातले ठरावीक तास मैदान आणि सरावाची जागा द्यावी. जुनं साहित्य कपाटात ठेवण्याऐवजी त्यांच्या हाती द्यावं. राष्ट्रीय ओपनमध्ये कॅडींच्या पात्रता स्पर्धेतून एक-दोन जागा राखाव्यात. काही क्लब यातलं काही करतही असतील, पण ते एखाद्या सहृदय सदस्याच्या मर्जीवर राहू नये. अली शेर, विजय कुमार, मुनियप्पा आणि चौरसिया यांनी या देशाला सहा करंडक दिले ते व्यवस्थेने काही केलं नसताना. व्यवस्थेने थोडं केलं तर किती मिळतील, हे पाहायला दहा-पंधरा वर्षं लागतील. तोवर माझ्या शीटमधली 2026 ची ओळ आणि तिच्यापुढचा चौथा रकाना मी रिकामा ठेवला आहे.